स्क्वाड्रनमध्ये एकत्र राहण्याची तयारी: एनडीए आणि सैनिक शाळेत निघालेल्या सातारा-सांगलीच्या मुलामुलींसाठी

जरंडेश्वर (धागाकर्ता)

साताऱ्याच्या पोवई नाक्यापासून पार विट्यापर्यंत सैन्यप्रवेशाची तयारी करून घेणाऱ्या अकादम्यांच्या पाट्याच पाट्या आहेत. धावणं शिकवतात, गणित घोटून घेतात, एसएसबीचे (अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या मुलाखतीचे) ग्रुप टास्क करून घेतात. निवड झाल्यावर पोराला ज्या स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे कॅडेटांच्या एकत्र राहण्याच्या तुकडीत, ज्या खोलीत राहायचंय त्या खोलीची तयारी मात्र कुणी करून घेत नाही. शेजारच्या पलंगावर ऐझॉलचा, समोर मदुराईचा, कोपऱ्यात लुधियानाचा. सगळे सतरा-अठरा वर्षांचे, सगळे पहिल्यांदाच घराबाहेर.

त्यात आता मुली आहेत. सर्वोच्च न्यायालयाचा अंतरिम आदेश ऑगस्ट २०२१ मध्ये आला, त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला मुली एनडीएच्या (खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) लेखी परीक्षेला बसल्या, २०२२ मध्ये पहिल्या १९ जणी खडकवासल्यात दाखल झाल्या आणि ३० मे २०२५ ला त्यांतल्या १७ जणी १४८ व्या कोर्सबरोबर बाहेर पडल्या. सैनिक शाळांमध्येही २०२१-२२ पासून सगळीकडे मुली घेतात. देशातली पहिली सैनिक शाळा आपल्या साताऱ्याची, २३ जून १९६१ ची. साठ वर्षं जी वसतिगृहं फक्त मुलांसाठी होती तिथली घडी बदलतेय.

‘विविधता’ म्हटलं की लोकांना भाषण आठवतं, नाहीतर २६ जानेवारीचा वेशभूषेचा कार्यक्रम. अकादमीत ते काम व्याख्यानाने होत नाही. पलंग कुणाशेजारी लावलाय, झाडू कुणाच्या हातात येतो, जेवणाच्या टेबलावर कुठली भाषा चालते, रांगेत पुढे कोण उभं राहतं, यानेच ते होतं किंवा बिघडतं. म्हणून या धाग्यात सद्भावनेवर निबंध नकोत. काय करायचं, किती दिवस करायचं, कुठे चुकतं, तेवढं लिहा. तयारीचे वर्ग चालवणाऱ्यांना आणि पालकांना वापरता आलं पाहिजे.

सुरुवात मीच करतो, आडनावापासून.

आपल्याकडे ओळख करून घेण्याची पद्धत ठरलेली. नाव काय, आडनाव काय, गाव कुठलं, पाव्हणं कुठलं. या चार प्रश्नांत समोरच्याची जात काढून होते, आणि विचारणाऱ्याला आपण काही वावगं विचारलं असं वाटतही नाही. ही सवय घेऊन पोरगं एनडीएत गेलं की दोन गोष्टी होतात. एक तर तमिळ मुलाला आडनावच नसतं, नावाआधीचं अक्षर हे वडिलांच्या नावाचं आद्याक्षर असतं, त्यामुळे तो प्रश्न ऐकून गोंधळतो. दुसरं म्हणजे ज्याला प्रश्नाचा रोख कळतो तो कायमचा लांब जातो. म्हणून वर्गाच्या वसतिगृहातच पहिल्या दिवसापासून फक्त पहिलं नाव आणि क्रमांक वापरा. हजेरीत तेच, कपाटावर तेच, छातीवरच्या पट्टीवर तेच.

आणि एक फार महत्त्वाचं. सैनिक शाळेच्या प्रवेशात १५ टक्के अनुसूचित जाती, ७.५ टक्के जमाती आणि २७ टक्के इतर मागास अशा जागा असतात. निवडयादीत प्रवर्गाचा रकाना असतो, तो प्रवेशापुरता. तीच यादी जशीच्या तशी खोलीवाटपासाठी फलकावर लावली की ‘हा कुठल्या कोट्यातला’ हे पहिल्या संध्याकाळीच सगळ्या वसतिगृहाला कळतं, आणि सहावीतली दहा वर्षांची पोरं ते विसरत नाहीत. खोलीची यादी वेगळी टंकलिहा: क्रमांक, नाव, खोली, पलंग. बास. (एनडीएच्या प्रवेशात जातीनिहाय आरक्षण नाही, तरी आडनावाची सवय तिथेही सोबत जातेच.)

कदमताल

चांगला धागा. ड्रिलच्या बाजूने लिहितो.

एकत्र तुकडीत पहिलं दुखणं पावलाच्या लांबीचं असतं. ‘तेज चल’चं पाऊल ३० इंचाचं, मिनिटाला १२० पावलं. म्हणजे मिनिटाला ९१ मीटरच्या वर, तासाला साधारण साडेपाच किलोमीटर. सहा फुटाच्या मुलाला ते सहज जमतं. सैन्यदलात मुलींसाठी किमान उंची १५२ सेंटिमीटर आहे, डोंगराळ भागातल्या आणि ईशान्येकडच्या मुलींसाठी १४८. त्या उंचीला ३० इंच टाकायचं तर प्रत्येक पावलाला कंबरेतून ताणावं लागतं. परेडच्या मैदानावर अर्धा-पाऊण तास ते चालून जातं. पाठीवर ओझं घेऊन रोज दहा-बारा किलोमीटर तसंच ताणलं की ओटीपोटाखालच्या हाडाला बारीक चिरा जातात. ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात हे नीट नोंदलं गेलंय. तिथे मुलींना आपापल्या सोयीचं पाऊल टाकू दिलं, तुकड्यांतल्या रांगा मोकळ्या केल्या, वेग थोडा उतरवला, तेव्हा दुखापती कमी झाल्या.

म्हणून वर्गात असं करा. परेडच्या मैदानावर ड्रिल नेहमीप्रमाणे: ‘लंबा दाहिने, छोटा बाएं’ म्हणून कदवार उभं करायचं, मग ठरल्याप्रमाणे तुकडी बांधायची. रस्त्यावरच्या चालीला आणि सामूहिक धावण्याला मात्र उलटं. सगळ्यांत बुटके पुढे, त्यांच्या पावलाने तुकडी चालेल. उंच पोरं पुढे ठेवली की मागचा भाग रबरासारखा ताणत जातो, शेवटचे सतत पळत असतात आणि दमून पडतात. मग ‘मुलींना झेपत नाही’ असं म्हणायला सगळे मोकळे. झेपत असतं, रांग चुकलेली असते.

आणखी एक. हुकूम हिंदीतच द्या, आजपासून. सावधान, विश्राम, दाहिने मुड, पीछे मुड, कदमताल, थम, जैसे थे. आपल्याकडचे काही शिक्षक प्रेमाने मराठीत समजावतात, मग तिकडे पोराचं अर्धं सेकंद भाषांतरात जातं आणि तो एकटाच उशिरा वळतो.

माणदेशी

जरंडेश्वर दादा, एक शंका आहे. एवढी तयारी खरंच लागते का? साताऱ्याजवळच्या मिलिटरी अपशिंग्यासारख्या गावातून पिढ्यान् पिढ्या लोक फौजेत गेलेत, पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जण कामी आले. त्यांना कुणी एकत्र राहायला शिकवलं नव्हतं. पोरं मिसळतात की आपोआप.

जरंडेश्वर

शंका रास्त आहे, पण जवानाची आणि अधिकाऱ्याची वाट वेगळी. मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झालेला जवान बेळगावच्या केंद्रात जातो, आजूबाजूला बहुतेक मराठी बोलणारेच असतात. कॅडेट अधिकारी होतो तेव्हा त्याला कुठली रेजिमेंट मिळेल ते गावावरून ठरत नाही. साताऱ्याचा पोरगा शीख रेजिमेंटमध्ये जाऊ शकतो, मद्रास रेजिमेंटमध्ये जाऊ शकतो, गोरखा रायफल्समध्ये जाऊ शकतो. तिथे त्याने जवानांची भाषा शिकायची असते, त्यांच्या गुरुद्वाऱ्यात, मंदिरात किंवा चर्चमध्ये त्यांच्यासोबत उभं राहायचं असतं. ‘जो बोले सो निहाल’ म्हणत किंवा ‘जय महाकाली, आयो गोरखाली’ म्हणत त्यांच्या पुढे जायचं असतं. आणि केरळचा कॅडेट मराठ्यांच्या पलटणीत येतो तेव्हा तो आपली मराठी शिकतो. हे सगळं बावीस-तेविसाव्या वर्षी येतं. त्याचा सराव कोर्समेटबरोबरच्या, म्हणजे एकाच तुकडीत शिकणाऱ्या सोबत्यांबरोबरच्या, तीन वर्षांत झाला तर झाला.

‘आपोआप’ काय होतं ते सांगतो. एकाच जिल्ह्याचे तीन-चार जण एका कोपऱ्यात जमतात, मराठीत बोलतात, मराठीत हसतात. वाईट हेतू नसतो, दमलेल्या माणसाला आपली भाषा हवी असते. पण पलीकडच्या पलंगावरच्या मुलाला ते हसणं आपल्यावरच आहे असं वाटतं. यावर तिसऱ्याचा नियम लावा. तिसरा माणूस, ज्याला ती भाषा येत नाही, खोलीत आला की वाक्य अर्धं असलं तरी भाषा बदलायची. हे वर्गातही करता येतं. जतच्या सीमेवरच्या गावांतली पोरं कानडी बोलतात, तेव्हा इतरांना जे वाटतं तेच उद्या आपल्या मराठीबद्दल दुसऱ्याला वाटणार, हे त्यांना दोन दिवसांत कळतं.

शब्दकोडं

भाषेवर मी लिहिते, कारण ‘हिंदी येते’ असं प्रत्येक पालक म्हणतो आणि घोळ तिथेच होतो.

मराठी मुलांची हिंदी समजण्यापुरती बरी असते. अडचण सारख्या दिसणाऱ्या शब्दांची. आपण ‘शिक्षा’ म्हणजे दंड समजतो, हिंदीत ती शिक्षण. ‘चेष्टा’ आपल्याकडे टिंगल, तिकडे प्रयत्न. ‘संशोधन’ आपल्याकडे रिसर्च, तिकडे दुरुस्ती. ‘आपत्ति’ म्हणजे तिकडे हरकत. ‘राजीनामा’ म्हणजे तिकडे समेट. कुणी अधिकाऱ्याने ‘आपको कोई आपत्ति है?’ विचारलं आणि पोरगं घरच्या संकटांचा विचार करत उभं राहिलं तर तो त्याचा मठ्ठपणा नव्हे.

सगळ्यांत जास्त भांडणं ‘तू’वरून होतात. मराठीत आपण आईला, मित्राला, देवाला तू म्हणतो, त्यात माया असते. लखनौकडच्या मुलाला अनोळखी माणसाने ‘तू’ म्हटलं की ती शिवी वाटते. पहिला महिनाभर सरसकट ‘आप’, ओळख झाली की ‘तुम’. ‘तू’ समोरच्याने आधी म्हटल्यावरच. हे एक वाक्य पालकांनी घरी पाठ करून घ्यावं.

सैनिक शाळेच्या सहावीच्या प्रवेशपरीक्षेला मराठीतून बसता येतं: १२५ प्रश्न, ३०० गुण, त्यांत गणिताचेच १५०. नववीची परीक्षा फक्त इंग्रजीत. आत गेल्यावर मात्र दोघांनाही इंग्रजी माध्यम आणि सीबीएसई. मराठी शाळेतून सहावीला जाणाऱ्या मुलाला पहिली सहामाही गणितसुद्धा परकं वाटतं, कारण लसावि-मसावि, परिमिती, अपूर्णांक हे शब्दच बदललेले असतात. निकाल लागल्यापासून शाळा सुरू होईपर्यंत रोज दहा इंग्रजी पारिभाषिक शब्द, गणित आणि विज्ञान मिळून, वहीत लिहून घ्या. दोन महिन्यांत सहाशे होतात. ते पुरतात.

नावांचंही तसंच. नाव नीट उच्चारणं ही ओळखीची पहिली पायरी. मिझो नावांत शेवटी ‘आ’ असेल तर बहुतेक मुलगा, ‘ई’ असेल तर मुलगी. नाव लांब आहे म्हणून आपल्या सोयीने तोडायचं नाही, ‘तुला काय हाक मारू’ असं विचारायचं. आणि ईशान्येकडच्या मुलाला ‘चिनी’, ‘नेपाळी’, दक्षिणेकडच्याला ‘मद्राशी’, उत्तरेकडच्याला ‘भैय्या’ हे शब्द घरातूनच बंद झाले पाहिजेत. मुलं ते टीव्हीवरून शिकत नाहीत, आपल्या ओसरीवर ऐकतात.

वारणाकाठ

+१. ‘तू’चा मुद्दा कुठल्याच वर्गात सांगत नाहीत.

कृष्णाकाठची

शरीराच्या बाजूने लिहिते, विशेषतः मुलींसाठी. हा भाग मोठा आहे, थोडा धीर धरा.

निवड झालेल्यांना आधीपासून करायला सांगितलेला व्यायाम ठरलेला आहे: २.४ किलोमीटर १५ मिनिटांत, दोरीउड्या, २० जोर आणि २० सिटअप, ८ चिनअप आणि तीन-चार मीटर दोरचढाई. मुलींची अडचण धावण्यात नसते. माण-खटावच्या मुली धावायला कुणाला ऐकत नाहीत. अडचण चिनअप आणि दोरीत. बारला लटकून वर जाताच येत नाही म्हणून त्या सोडून देतात. वर जाण्यापासून सुरुवात करायचीच नाही. स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर ठेवायची, पाय सोडायचे आणि मोजत चार-पाच सेकंदांत खाली यायचं. असे चार, तीन वेळा, दिवसाआड. दोन-तीन आठवड्यांनी हनुवटी वर ठेवून वीस सेकंद लटकता आलं की मग रबरी पट्ट्याचा आधार घेऊन वर जायचं. रोज केलं तर कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागतं, म्हणून दिवसाआडच.

आता नडगी. सातारकर यवतेश्वरचा घाट धावतात, चांगलंच आहे. पण इजा चढताना होत नाही, उतरताना होते. डांबरी उतारावर प्रत्येक पाऊल नडगीवर आदळतं. वर धावत जा, खाली चालत या. आठवड्याचं अंतर साधारण दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका आणि दर चौथ्या आठवड्याला कमी करा. निकाल लागल्यावर उत्साहात अंतर दुप्पट करणारे बरेच असतात, आणि रुजू होताना नडगीला बारीक चीर घेऊनच जातात. ओळखायचं कसं? दुखणं पूर्ण नडगीभर असेल तर बहुतेक स्नायूचं. एका बोटाने दाखवता येईल अशा ठिपक्यात असेल, एका पायावर उडी मारली की कळ येत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर धावणं त्याच दिवशी थांबवा. एक्स-रेमध्ये पहिले दोन-तीन आठवडे काही न दिसण्याची शक्यता असते, म्हणून ‘रिपोर्ट चांगला आहे’ म्हणून पुन्हा धावू नका.

मुलींना हाडाची चीर जास्त होते याचं एक कारण उंची आणि पाऊल, ते कदमताल यांनी लिहिलंच. दुसरं कारण पोटात. व्यायाम वाढतो, जेवण वाढत नाही. सलग तीन महिने पाळी आली नाही तर ‘बरं झालं, कटकट गेली’ म्हणू नका. शरीराला अन्न कमी पडत असल्याची ती खूण असते, आणि त्याच काळात हाडं ठिसूळ होतात. डॉक्टरला दाखवा. हिमोग्लोबिन तपासा, मुलींचं १२ च्या खाली आणि मुलांचं १३ च्या खाली असेल तर उपचार रुजू होण्याआधीच. जेवणाला लागून चहा बंद करा, चहाने लोह कमी शोषलं जातं. वरणावर लिंबू पिळा, त्याने वाढतं.

सामानात दोन-तीन चांगल्या स्पोर्ट्स ब्रा, मापाच्या. सैल असेल तर लांब धावताना खांदे आणि मान आखडतात आणि दम लवकर लागतो. केस लांब ठेवायची परवानगी असेल तिथे जाळी, पिना, अंबाडा तीन मिनिटांत, आरशाशिवाय. घड्याळ लावून सराव करा.

आणि हे मुलग्यांनाही सांगा. तुकडीतली मुलगी महिन्यातून एखाद दिवस मागे राहिली किंवा पाणी मागायला थांबली, तर त्यावर बोलायचं नाही. खाणाखुणाही नाहीत. मैदानी सरावाला निघताना प्रशिक्षकाने दर तीन-साडेतीन तासांनी थांबा ठरवावा, आडोसा आधी बघून ठेवावा आणि सगळ्यांसाठी एकाच वेळी थांबावं. फक्त मुलींसाठी थांबलं की चर्चा सुरू होते. सगळ्यांसाठी थांबलं की कुणाच्या लक्षातही येत नाही.

आटपाडीची

ताई, पोहण्याबद्दल पण लिहा ना. आमच्याकडं पाणीच नाही तर पोरी पोहायला शिकणार कुठं?

कृष्णाकाठची

बरोबर आहे, तो मुद्दा राहिलाच होता. एनडीएत पोहणं आणि घोडेस्वारी दोन्ही करावं लागतं. वाळवा-पलूसची पोरं कृष्णेत पडत-उठत पोहायला शिकलेली असतात. माण, आटपाडी, जत, कवठे महांकाळची पोरं अठराव्या वर्षी पहिल्यांदा तरणतलाव बघतात. कोर्समेट पाण्यात असताना काठावर उभं राहायची लाज फार बोचते आणि ती पोरं गप्प गप्प होतात.

चार आठवडे पुरतात, पण तलावातच. जून-जुलैमध्ये नदीवर अजिबात नको, आयर्विन पुलाखालचं पाणी एका रात्रीत किती चढतं हे सांगलीकरांना सांगायला नको. विहिरीतही नको. पहिला आठवडा कमरेएवढ्या पाण्यात: तोंड बुडवून श्वास सोडणं, नाकात पाणी गेलं तरी उभं राहणं. दुसऱ्यात उताणं तरंगणं आणि काठ धरून पाय मारणं. तिसऱ्यात फळीशिवाय दहा मीटर. चौथ्यात २५ मीटर, कुठल्याही पद्धतीने. भीती गेली की बाकी तिकडचे उस्ताद करून घेतात. सायकल येत नसेल तर तीही शिकून घ्या, एनडीएत वर्गाला जाणंयेणं सायकलवर असतं, तेही रांगेत.

जुलैमध्ये रुजू होणाऱ्यांसाठी: खडकवासल्याचा पाऊस आणि ओले बूट. पायांच्या बोटांमध्ये चिखल्या होतात, जांघेत गजकर्ण. रात्री बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, बोटांमधली जागा फडक्याने कोरडी करा, नुसती पावडर ओल्यावर टाकू नका, तिचा चिखल होतो. मोजे रोज बदला आणि कुणाचे वापरू नका.

खानावळ_मिरज

जेवणावरून लिहितो, कारण विविधता पहिल्यांदा ताटात दिसते.

वर्गाच्या वसतिगृहात पहिल्या दिवशी एक कागद भरून घ्या: शाकाहारी, अंडं चालतं, मांसाहारी, कंदमूळ चालत नाही, उपवासाचे वार, रोजे, ॲलर्जी. सांगली भागात जैन मुलं बरीच असतात, त्यांच्यासाठी कांदा-बटाटा-लसणाशिवायची एक भाजी मोठ्या भांड्यातून फोडणीआधी वेगळी काढली की काम होतं, वेगळा स्वयंपाक लागत नाही. दोन पळ्या, दोन कढया, आणि त्या दिसतील अशा वेगळ्या. ‘तेच तेल आहे का’ असं मुलाला रोज विचारावं लागलं तर तो हळूहळू जेवणच कमी करतो.

उपवास आणि पीटी यांचं नीट जमवा. सोमवारी नुसत्या साबुदाण्याच्या खिचडीवर सकाळी सहा किलोमीटर आणि दुपारी ड्रिल केलं की चक्कर येते. उपवास मोडायला सांगू नका. दूध, दाणे, केळी, राजगिरा, ताक-मीठ द्या आणि त्या दिवशी लांब धावणं ठेवू नका. रोजा असलेल्या मुलासाठी पहाटेचं ताट आदल्या रात्रीच काढून ठेवा, नेमकी वेळ बघून. त्याचं कठीण काम सकाळी लवकर उरका, उन्हात नको. उपवास असो की रोजा, प्रशिक्षकाला आदल्या दिवशी माहीत असलं पाहिजे, कारण बेशुद्ध पडलेल्या मुलाला पहिला प्रश्न तोच विचारतात.

काटा-चमचा शिकवा, पण एकच आठवडा. दुसरा कुणी हाताने भात खातो म्हणून कुणी हसलं तर तिथल्या तिथे थांबवा. सांबारभात पाची बोटांनी कालवणं आणि आपण भाकरी कुस्करून रस्सा ओतणं यात काही फरक नाही.

जरंडेश्वर

खानावळ दादा, कागदाची कल्पना उत्तम. त्यात भर म्हणून झाडलोटीचं सांगतो. हा आपल्या भागातला सगळ्यांत दुखरा मुद्दा आहे. संडास-बाथरूम साफ करायची पाळी कुणी न ठरवता ठरावीक पोरांवरच येते, आणि ती पोरं कोण असतात हे प्रत्येकाला माहीत असतं. ‘तो स्वतःहून करतो’ हे उत्तर ऐकून घ्यायचं नाही. पाळी पलंगाच्या क्रमांकाने लावा. आठ पलंगांची खोली असेल तर आज १ आणि २, उद्या ३ आणि ४. कागद दाराच्या आतल्या बाजूला. केलं की दोघांची सही. अदलाबदल करायची असेल तर सरांच्या सहीने. आजारी असेल तर पुढच्या फेरीत दोनदा. महिनाभराने तो कागद नुसता वाचला तरी खोलीची तब्येत कळते.

पलंगही दर चार आठवड्यांनी हलवा. एका तालुक्याचे दोघे शेजारी नकोत. जोडीदार मात्र दर आठवड्याला वेगळा, आणि त्याला खरं काम द्या: एकमेकांचा बिस्तरा तपासणं, बुटांना पॉलिश झालंय का बघणं, एकाच्या पायाला फोड आला तर दुसऱ्याने सांगणं.

पगडी_फेटा

जोडीदारावरून एक नेमकी गोष्ट. शीख कोर्समेटची पगडी बांधताना कापड आधी लांबीत दुमडावं लागतं, त्याला पूणी करणं म्हणतात. पाच-सहा मीटर कापडाची दोन टोकं दोघांनी ताणून धरायची, हलका झटका द्यायचा, मग एकसारख्या घड्या घालत जायचं. एकट्याला करायचं तर एक टोक दाराच्या कडीला किंवा पलंगाच्या पायाला बांधावं लागतं, वेळ दुप्पट जातो आणि घडी सैल राहते. सकाळच्या घाईत ती पाच मिनिटं फार महाग असतात. आपल्या पोरांना फेटा माहीत असतो, कापड ताणून धरायचं म्हणजे काय हे हाताला कळतं. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या: हात धुतलेले हवेत, आणि कापड जमिनीला लागू द्यायचं नाही, पायाखाली तर नाहीच.

कायदा_कागद

खूप चांगलं चाललंय, पण रगड्याबद्दल, म्हणजे शिस्तीच्या नावाने घेतल्या जाणाऱ्या शारीरिक शिक्षेबद्दल, कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

शिस्तीसाठी दिलेली शारीरिक शिक्षा आणि छळ यांतली रेघ पालकांना माहीत नसते, मुलांना त्याहून नाही. ढोबळ कसोटी अशी: शिक्षा ही खरोखर घडलेल्या चुकीसाठी असते, ज्याला अधिकार आहे तो देतो, उघड्यावर देतो, सगळ्यांना सारखी देतो आणि दुखापत दिसली की थांबवतो. बंद खोलीत, रात्री, कपडे काढायला लावून, किंवा जात, धर्म, रंग, भाषा, छाती-कंबर यांवर बोलत जे केलं जातं ते प्रशिक्षण नाही, मग करणारा कितीही सीनियर असो.

कायदे साधेच आहेत, वर्ग चालवणाऱ्यांनी फलकावर लावावेत. शाळा-कॉलेजांसाठी महाराष्ट्राचा रॅगिंगबंदी कायदा १९९९ चा आहे. अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला पॉक्सो २०१२ (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) लागू होतो, आणि एनडीएला साडेसोळाव्या वर्षापासून जाता येतं, म्हणजे कॅडेटही त्यात येऊ शकतो. पॉक्सोखालचा प्रकार कळूनही न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, तो शिक्षकाला आणि वॉर्डनलाही लागतो. ‘संस्थेचं नाव खराब होईल’ हे कारण चालत नाही. तुमच्या अकादमीत दहा किंवा अधिक लोक कामाला असतील तर कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती हवी: अध्यक्ष महिला, निम्म्याहून कमी महिला नकोत, एक सदस्य बाहेरची. कमी लोक असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांत द्यायची, चौकशी ९० दिवसांत. लहान मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी.

मुलाने तक्रार तोंडी केली तरी तारीख, वेळ, जागा, कोण होतं, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. आठवड्याने लिहिलेल्या कागदात प्रत्येक वेळी काहीतरी बदलतं आणि मग मुलालाच खोटं ठरवतात.

माणदेशी

माझी शंका फिटली, जरंडेश्वर दादा. झाडलोटीच्या कागदावर एक विचारतो. मुलींच्या आणि मुलांच्या खोल्या वेगळ्या, पण वर्ग, व्हरांडा, पाण्याची टाकी सामाईक. त्याची पाळी कशी लावायची? नाहीतर व्हरांडा झाडायला मुली आणि टाकीचं जड काम मुलांना, असं आपोआप होईल.

जरंडेश्वर

सामाईक जागेसाठी तिसरा कागद करा, त्यात सगळ्यांचे क्रमांक एकाच ओळीत, मुलगा-मुलगी असा भेद न करता. रोज दोन क्रमांक, काम आधी ठरलेलं: सम तारखेला पहिला क्रमांक झाडू आणि दुसरा टाकी, विषम तारखेला उलट. टाकीत पाणी भरायचं काम जड असेल तर बादली २० लिटरची न ठेवता दहाची ठेवा, फेऱ्या दुप्पट होतील. दोघांनाही झेपेल, आणि ‘तिला जमणार नाही’ म्हणायला कुणाला जागा उरणार नाही. या आठवड्यात एकदा लावून बघा आणि कुठे अडतंय ते इथे कळवा, कागदाचा नमुना त्याप्रमाणे बदलून टाकतो.